पावसाळ्यापुरता मुक्काम

"चाचा, तुम्ही परत जाणार कधी?"

प्रश्न तोंडातून बाहेर पडला आणि राहीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मागे उपड्या पडाव-होडीच्या आड काशी आणि सुरय्या एकमेकींचे हात दाबून बसल्या होत्या. पैज काशीची होती, आंब्याच्या साठाची अख्खी पोळी. "शाळेत एवढी धडाधडा बोलतेस ना, मग जाऊन विचार त्याला," ती म्हणाली होती. "आमच्या घरात रोज विचारतात, पण त्याच्या तोंडावर कोणी विचारत नाही."

सालेम एका मचव्याच्या पोटाखाली बसून फळ्यांमधल्या फटी बुजवत होता. तेलात भिजवलेला कापूस हातावर वळायचा, पाचरीने फटीत ठोकून बसवायचा आणि वरून चुन्याचा लेप द्यायचा. आषाढात रत्नागिरीतल्या राजिवड्याच्या किनाऱ्यावर होड्या अशाच वर ओढून ठेवलेल्या असत, प्रत्येकीवर झावळ्यांचं छप्पर आणि प्रत्येकीखाली कोणीतरी ठोकत बसलेलं. सालेमने हातोडी थांबवली नाही.

"नारळी पुनव झाली की," तो म्हणाला.

"कुठली नारळी पुनव?"

"येईल ती."

पडावाआडून फिसकन हसू आलं. हे उत्तर राजिवड्यातलं कुठलंही पोर झोपेतसुद्धा सांगू शकलं असतं. सालेम एकोणीसशे तेवीस साली आला तेव्हा राही दोन वर्षांची होती. आता ती पंधराची झाली, सातवीच्या वर्गात बसायला लागली, आणि सालेमची नारळी पुनव अजून यायचीच होती.

पैज जिंकली होती. उठून पळायला हरकत नव्हती. पण राहीचं अलीकडे काहीतरी निराळंच झालं होतं. पूर्वी ही मुलगी पाहुणे आले की माजघरातल्या कणगीमागे लपायची. गेल्या वर्षी शाळेतल्या बाईंनी तिला बळेच उभं करून भाषण करायला लावलं आणि तेव्हापासून, तिच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे, पोरीच्या तोंडाचं दार उघडलं ते लागायचं नावच घेईना. तिने परकर सावरला आणि सालेमसमोर ओंडक्यावर चांगली ठाण मांडून बसली.

"पण चाचा, खरंच. दर वर्षी पुनव होते, बंदर उघडतं, अरबांचे बगले, मोठाली गलबतं, येतात. तुम्ही जात का नाही?"

आता मात्र हातोडी थांबली. सालेमने वर बघितलं. दाढी पांढरी झाली होती, पण भुवया अजून काळ्याभोर होत्या, त्यामुळे तो नेहमीच थोडासा चकित झाल्यासारखा दिसे.

"आमचा बगला सूर गावचा, मस्कतच्याही पुढे," तो म्हणाला. "खजूर घेऊन आलो होतो. इथं मला ताप भरला. असा ताप की जीभ हलत नव्हती. मोसम संपत आलेला, नाखवा थांबायला तयार नाही. माझा भाऊ सईद, धाकटा, त्यानं मला पाठीवर घेतलं आणि सुरय्याच्या आजोबांच्या ओटीवर आणून ठेवलं. म्हणाला, इथंच थांब, हलू नकोस, पाऊस सरला की न्यायला येतो."

"मग?"

"मग मी हललो नाही."

पावसाची सर छपरावरून गेली. पडावाआडचं हसू केव्हाच थांबलं होतं.

"तो बगला परत कुठल्या बंदराला लागला नाही," सालेम म्हणाला. "येणाऱ्या प्रत्येक खलाशाला मी विचारतो. चौदा वर्षं विचारतोय. कोणी सांगत नाही की सईदला बुडताना बघितलं. एकानेही नाही. आता मी इथून उठून गेलो आणि तो आला, तर कुठं शोधेल मला?"

एवढं बोलून त्याने कापसाची नवी वळी हातावर घेतली. राहीला साठाची पोळी मिळाली खरी, पण तिने ती तिघींत वाटून टाकली आणि काशीने "का गो, गोड नाही लागली?" विचारलं तेव्हा तिने हात परकराला पुसला आणि घरची वाट धरली.

---

गोष्ट इथेच संपली असती तर बरं, असं राहीला पुढे पुष्कळदा वाटलं. पण शाळेचा बक्षीससमारंभ पंधरा दिवसांवर आला होता. वक्तृत्वासाठी बाईंनी विषय दिला होता, "मला भेटलेला माणूस". बाकीच्या मुली आजोबांवर बोलणार होत्या. राहीने ठरवलं, आपण सालेमचाचांवर बोलायचं.

आणि ती बोलली. काय बोलली म्हणता. ताप, ओटी, धाकटा भाऊ, सगळं आलं. बाया पदराने डोळे टिपायला लागल्या तसा राहीला जोर चढला. लोकांना रडवलं की मग हसवावं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, आपोआप जमलं. शेवटी ती म्हणाली, "आमचे आप्पा बंदराच्या कचेरीत कारकून आहेत. किनाऱ्यावर राहिलेल्या परदेशी खलाशांची एक वही त्यांच्याकडे असते. तेवीस साली त्यांनी सालेमचाचांच्या नावापुढे लिहिलं, 'आजारी खलाशी, पावसाळ्यापुरता मुक्काम.' पुढच्या वर्षी तीच ओळ नव्या पानावर उतरवली. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा उतरवली. मी लहानपणी आप्पांच्या मांडीवर बसून बघितलंय. आज चौदावा पावसाळा आहे, आणि आमचा पाहुणा अजून पावसाळ्यापुरताच राहतो आहे."

टाळ्या छपरात घुमल्या. पहिलं बक्षीस राहीला मिळालं, शाईची झरणी, निळ्या रंगाची, सोनेरी टोपणाची. बक्षीस द्यायला बंदराचे नवे साहेब होते, घाटावरून महिन्याभरापूर्वीच आलेले. त्यांनी झरणी तिच्या हातात ठेवली, कौतुकाने मान हलवली आणि विचारलं, "मुली, हे सगळं खरं आहे का?"

"अगदी शब्दन् शब्द," राही म्हणाली.

तिने समोर बघितलं. बायांच्या रांगेत आई डोळे पुसत होती. पुरुषांच्या रांगेत आप्पा एकटेच असे बसले होते की जणू त्यांच्या अंगावर कोणी पाण्याची घागर ओतली होती.

---

सोमवारी आप्पा कचेरीतून आले ते छत्री न झटकताच आत आले. रावजी मयेकर म्हणजे अत्यंत नीटनेटका माणूस. ओली छत्री घेऊन ते माजघरापर्यंत आले तेव्हाच राहीच्या आईने, यमुनाबाईंनी, चुलीवरचं भांडं उतरवलं.

"काय झालं वो?"

"वही मागितली साहेबांनी," आप्पा म्हणाले. "चौदा पानं एकापुढे एक उघडून बसले. म्हणाले, मयेकर, हा माणूस चौदा वर्षं आजारी आहे का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? खोकला आला मला."

राही दाराशी उभी होती. आप्पांनी तिच्याकडे बघितलं नाही, हे तिला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. साहेब वाईट माणूस नव्हते. आजारी खलाशाला बंदर उघडेपर्यंत राहू द्यायचं, एवढीच सोय त्यांच्या नियमात होती. पुढे राहायचं तर कलेक्टरसाहेबांकडे अर्ज करावा लागतो, आणि अर्जाबरोबर हा माणूस सलग इथेच होता आणि चांगल्या चालीने होता याचा लेखी पुरावा. पुरावा म्हणून काय होतं, तर आप्पांची वही, जी दर वर्षी शपथेवर सांगत होती की हा माणूस आत्ताच आला आहे आणि लगेच जाणार आहे.

"आणि अर्ज नाही तर?" यमुनाबाईंनी विचारलं.

"तर नारळी पुनवेनंतर पहिला बगला लागेल त्यात बसवून रवाना. माझ्यावर ठपका. कदाचित बदली. मुरुडच्या बंदरावर कारकुनाची जागा मोकळी आहे, असं ते सहज बोलले, पण साहेब लोक सहज काही बोलत नाहीत." आप्पांनी कोटाच्या खिशातून घडी केलेला कोरा कागद काढला. "एक वाट त्यांनीच सुचवली. म्हणाले, मुलगी लहान आहे. भाषणासाठी रचून बोलली असेल. तिनं तसं लिहून दिलं, की हा माणूस गेल्या मोसमातच आला, बाकी सगळी कल्पना, तर मी मागची पानं उलटलीच नाहीत असं समजेन. बक्षीस तेवढं परत करावं लागेल. यंदा पुनवेनंतरही त्याला घालवणार नाही, वर्षभर राहू दे. पुढचं पुढे."

कागद चौरंगावर पडून राहिला. बाहेर पागोळ्या गळत होत्या.

"लिहून टाक गो," आई म्हणाली. आवाज रागाचा नव्हता. "एक झरणी गेली तर गेली."

झरणीचं दुःख होतंच, उगाच कशाला खोटं बोला. पण त्याहून मोठं दुःख हे की साऱ्या शाळेसमोर म्हणावं लागणार, राही मयेकर थापा मारते. ज्या तोंडाच्या दाराचं आईला एवढं कौतुक होतं ते आता स्वतःच्या हाताने लावून वर कडी घालायची. ती रात्रभर कूस बदलत राहिली आणि सकाळी उठली तेव्हा तिचं ठरलं होतं. लिहायचं. चाचा राहतात ना, मग झालं तर.

---

ती बातमी घेऊन ती मोठ्या उत्साहाने सुरय्याच्या घरी गेली. सालेम त्यांच्या परसातल्या मांगरात, वेगळ्या खोपीत, राहत असे. सुरय्याची आई, झुबेदाचाची, त्याला भाकरी आणि बांगड्याचं कालवण वाढत होती. राहीने एका दमात सगळं सांगितलं. झुबेदाचाचीने आभाळाकडे हात केले, सुरय्याने राहीला मिठीच मारली. सालेम तेवढा भाकरीचा तुकडा हातात धरून बसला.

"म्हणजे मी गेल्या मोसमात आलो?" त्याने विचारलं.

"हो, फक्त कागदावर."

"कोणाबरोबर आलो?"

राही सुरय्याकडे बघायला लागली.

"गेल्या मोसमात आलो तर सईदबरोबर आलो नाही," सालेम सावकाश म्हणाला. "मग त्यानं मला ओटीवर ठेवलं नाही. इथंच थांब म्हणाला नाही." त्याने तुकडा ताटात ठेवला. "लिही, बेटी. मी नको म्हणत नाही. तुझ्या बापानं चौदा वर्षं माझ्यासाठी लिहिलं, त्याची नोकरी माझ्यापायी जाऊ नये. पण आई विचारेल कधी, कयामतला का होईना, की भाऊ कुठं सोडलास. तेव्हा मी काय सांगू, तो कधी नव्हताच?"

झुबेदाचाचीने पदर तोंडावर घेतला. सुरय्या राहीचा हात सोडून मागे सरकली.

"आणि पुढच्या वर्षी?" सालेमने विचारलं. "पुढच्या वर्षी पुन्हा नवीन कोणीतरी होऊ मी?"

राही परसातून बाहेर पडली. फाटकाशी सुरय्या धावत आली. "राही, निदान एक कर. काशीच्या बापाला गाठ. दर नारळी पुनवेला भागोजीकाका कचेरीत तक्रारअर्ज देतात ना, याला घालवा म्हणून. यंदाचा तेवढा देऊ नका म्हणावं. आगीत तेल नको."

---

भागोजी हा राजिवड्याचा जुना कारागीर. त्याच्या आजापासून होड्यांच्या फटी बुजवायचं काम त्यांच्या घरात होतं. तो ओटीवर सुतळी वळत बसला होता. राही आलेली बघून काशी आतून डोकावली आणि बापाचा चेहरा बघून परत आत गेली.

"काका, यंदाचा अर्ज देऊ नका," राही म्हणाली. सरळच म्हणाली, आडून बोलायचं तिला सुचलं नाही.

"का नको?"

"सालेमचाचांना घालवतायत. नाहीतर ते गेल्या मोसमातच आले असं मी खोटं लिहून द्यायचं."

"मग माझंच काम झालं," भागोजी म्हणाला. "अर्जाच्या कागदाचे पैसे वाचले."

"तुम्हाला बरं वाटेल ते गेले तर?"

भागोजीने सुतळी खाली ठेवली. "पोरी, तुझं भाषण आमच्या काशीनं घरी येऊन म्हणून दाखवलं. रडली ती. मी नाय रडलो. का सांगू? या किनाऱ्यावर कामाची पाळी असते. होडी वर आली की पहिली माझ्याकडे, दुसरी सावळ्याकडे, तिसरी धोंड्याकडे. कोणाचा हात चांगला, कोणाचा वाईट, ते बघायचं नाय, पाळी म्हणजे पाळी. त्यावर चार घरं चालतात. पण पाहुण्याला पाळी नसते. पाहुणा दोन दिवसांचा, त्याला कशाला बांधा. म्हणून सालेम पाळीच्या बाहेर. कोणीही त्याच्याकडे जावं, कधीही जावं. आणि हात त्याचा सोन्याचा, मग सगळे तिकडेच जातात. दोन दिवसांचा पाहुणा चौदा वर्षं पाळीबाहेर. माझा शिवा मुंबईला गोदीत ओझी उचलतो, का तर इथं त्याच्या वाट्याला होडी येत नाय. त्याचं भाषण कोण करणार गो?"

हे कोणीच राहीला सांगितलं नव्हतं. काशीने पैज लावली होती तेव्हा ती थट्टा करत नव्हती, हे तिला आत्ता कळलं.

"मी उगाच बोलत नाय," भागोजी उठला आणि आतून एक पत्र्याची डबी घेऊन आला. "चोवीस सालापासून सांगतोय. दर वर्षी. तुझ्या बापाचा शिक्का घेऊन पोच आणलीय. बघ, वाच. तुला वाचायची हौस."

डबीत बारा कागद होते, कडेला थोडे वाळवीने खाल्लेले. खालचे कचेरीसमोरच्या अर्जनविसाच्या वळणदार अक्षरातले, वरचे चार काशीच्या गोल अक्षरातले. प्रत्येकावर बंदराचा जांभळा शिक्का, तारीख आणि आप्पांची सही. राही ओटीवर बसून वाचायला लागली.

चोवीस सालचा: "सालेम नावाचा अरब गेल्या पावसाळ्यापासून राजिवड्यात राहत असून त्यास परत पाठवावे." सव्वीस सालचा: "सदर इसम अद्याप गेला नाही. एक दिवस खाडा करीत नाही. जुम्याला दुपारी नमाजापुरता उठतो, परत येऊन काम करतो." एकोणतीस सालचा: "सदर इसम दारू पीत नाही, भांडण करीत नाही, कोणास उलट बोलत नाही, यामुळे गिऱ्हाईक त्याजकडे ओढले जाते, हे अर्जदारास नुकसानीचे आहे." बत्तीस साली काशीच्या अक्षरात: "वादळात तांडेलांची होडी फुटली ती सदर इसमाने तीन दिवसांत उभी केली व त्यामुळे त्याचे नाव फार झाले. तरी मेहेरबान साहेबांनी विचार करावा."

राहीने बाराच्या बारा वाचले. मग पहिल्यापासून पुन्हा वाचले. दुसऱ्या वेळी तिने ते वर्षावार लावून मांडीवर ठेवले.

"काका, हे सगळं खरं आहे?"

"म्हणजे काय? मी खोटा अर्ज करीन?"

"एकाही वर्षी तो नव्हता असं झालं नाही?"

"नसता तो, तर मी अर्जाला पैसे कशाला घातले असते?"

"आणि हे, भांडण करत नाही, दारू पीत नाही, तेही खरं?"

"अगो खरं म्हणूनच तर तक्रार," भागोजी वैतागून म्हणाला. आणि मग त्याच्या लक्षात आलं. तो तिच्याकडे बघतच राहिला. "तू काय करतेस ते कळतंय मला. त्या अरबाला राहू द्या म्हणून माझेच कागद दाखवणार."

"साहेबांना लेखी पुरावा हवाय. सलग राहिला आणि चांगला वागला. सगळ्या रत्नागिरीत तो एवढ्या एकाच डबीत आहे."

"डबी देत नाय मी."

"काका, ऐका तरी. तुमची तक्रार काय, तर तो पाहुणा आहे म्हणून पाळीत नाही. कलेक्टरसाहेबांनी त्याला राहायची परवानगी दिली तर तो पाहुणा राहील का?"

भागोजीने तिच्या मांडीवरचे कागद उचलून डबीत घातले.

"मग पाळी लागेल ना त्याला? पहिली तुमची, दुसरी सावळ्याकाकांची, तिसरी धोंड्याकाकांची, चौथी त्याची. आणि शिवादादा आला तर पाचवी. आणि त्याला घालवलंत तर काय होईल? माणूस जाईल, पण उद्या दुसरा बगला दुसरा आजारी खलाशी ठेवून जाईल आणि तोही पाहुणाच."

दारामागून काशी बाहेर आली. "बाबा, बरोबर बोलतेय ती," ती म्हणाली. "आणि ते चार अर्ज मी लिहिलेत. ते खोटे आहेत असं राहीला लिहून द्यावं लागणार आहे. म्हणजे सालेम गेल्या मोसमातच आला, आणि आपण बारा वर्षं हवेवर तक्रारी केल्या."

"कोण म्हणतो हवेवर?" भागोजी ताडकन म्हणाला.

"साहेब म्हणतील. राहीचा कागद गेला की."

भागोजीने मान वळवून समोरच्या पाण्याकडे बघितलं. भाट्याच्या खाडीत भरती चढत होती, गढूळ, तांबडी. मग त्याने डबीचं झाकण घट्ट लावलं.

"त्याच्याशी मी आधी बोलणार," तो म्हणाला. "पाळीत यायचं कबूल करतो का बघणार. केलं तर डबी घेऊन मी स्वतः कचेरीत येईन. कागदाखाली माझा अंगठा हाय. माझा अंगठा कोणी खोटा म्हणालेला मी ऐकून घेणार नाय."

तो तसाच पावसातून मांगराकडे गेला. तिघी मुली फाटकाशी उभ्या राहिल्या. आतलं काही ऐकू येत नव्हतं. खूप वेळाने झुबेदाचाची चहाचे दोन कप घेऊन मांगरात शिरली आणि रिकाम्या हातांनी बाहेर आली.

"काय बोलतायत?" सुरय्याने विचारलं.

"बोलत कुठं," चाची म्हणाली. "तो सांगतोय, चोवीस साली तू माझा कापूस खाऱ्या पाण्यात टाकला होतास. हा सांगतोय, पंचवीस साली टाकला. वर्षावरून भांडतायत."

---

दिवेलागणीला राही घरी आली तेव्हा आप्पा चौरंगापुढे बसले होते. कोरा कागद अजून तिथेच होता, शेजारी दौत आणि टाक तयार ठेवलेले. आई वाती लावत होती.

"ये," आप्पा म्हणाले. सोमवारपासून ते पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होते. "मजकूर मी सांगतो, तू लिही. दोन ओळी पुरे."

राही बसली नाही. ओल्या परकराचं पाणी जमिनीवर ठिबकत होतं, तरी आई रागावली नाही, कारण पोरीच्या चेहऱ्यावर काय आहे ते तिला आधीच दिसलं होतं.

"आप्पा, मी ते लिहून देणार नाही," राही म्हणाली. बक्षीससमारंभातला आवाज नव्हता तो, त्याहून पुष्कळ खालचा होता. "मी बोलले ते खरं होतं. पण तुमच्या वहीबद्दल तुम्हाला न विचारता बोलले, ते माझं चुकलं. तसं मी साहेबांनाही सांगेन. उद्या मी तुमच्याबरोबर कचेरीत येणार आहे. भागोजीकाका येतायत, बारा अर्ज घेऊन, बाराही तुमच्याच शिक्क्याचे. सालेमचाचा येतायत. ते पाळीत यायला तयार आहेत. कलेक्टरसाहेबांना अर्ज मी लिहिणार, या झरणीने, आणि त्यात तेवीस साल लिहिणार आणि सईदचं नावही लिहिणार. सही चाचा अरबीत करतील."

"आणि माझा ठपका?" आप्पांनी विचारलं. रागाने नव्हे. खरोखरच कळावं म्हणून.

"तो येईल," राही म्हणाली. "बदलीही होईल कदाचित. मी बाईंना विचारून आले. मुरुडला मुलींना सातवीत घेतात."